पटवाऱ्याचा मुलगा आणि जीवनाची लिपी

प्रतिवर्षी या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे देण्याचा आपला परिपाठ आहे, व तो सर्वथा योग्य आहे. तथापि यंदा आम्ही वाचकांपुढे जे चरित्र ठेवीत आहोत ते ना आपल्या ज्ञातीतील, ना आपल्या प्रांतातील. डॉ. हरगोविंद खोराना यांचे नाव नोबेल पारितोषिकामुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी नेमके काय केले आणि ते तेथवर कसे पोचले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ज्या समाजाला आपली मुले विद्येच्या बळावर पुढे यावीत असे वाटते, त्याने ही हकीकत मुळापासून समजून घ्यावी असे आम्हांस वाटते.

खोराना यांचा जन्म १९२२ साली मुलतान जिल्ह्यातील रायपूर नावाच्या खेड्यात झाला. हा भाग आता पाकिस्तानात आहे. वस्ती सुमारे शंभर माणसांची. वडील गणपतराय पटवारी होते, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याप्रमाणे जमीनमहसुलाचे दप्तर सांभाळणारे. चार मुलगे व एक मुलगी अशा पाच भावंडांत हरगोविंद सर्वांत धाकटे. घरची गरिबी असूनही मुलांना शिकविण्याचा वडिलांचा निर्धार असा की, त्या साऱ्या खेड्यात लिहिता-वाचता येणारे कुटुंब जवळजवळ हे एकच होते. हरगोविंदांची पहिली चार वर्षांची शाळा एका झाडाखाली भरली. पुढे मुलतानच्या डी. ए. व्ही. हायस्कुलात रतनलाल या शिक्षकांचा, आणि लाहोरला पंजाब विद्यापीठात महानसिंग या काटेकोर प्रयोग करणाऱ्या अध्यापकांचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. १९४५ साली त्यांनी एम. एस्‌सी. पदवी मिळविली व त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले. १९४८ साली लिव्हरपूल विद्यापीठाची पीएच. डी. संपादून त्यांनी पुढील वर्ष झुरिच येथे व्लादिमीर प्रेलॉग यांच्या हाताखाली काढले.

येथवरची कथा आपल्या सभासंमेलनांतून सांगण्याजोगी आहे. पुढची सांगताना मात्र आपण बहुधा अडखळतो. १९४९ साली हा तरुण शास्त्रज्ञ स्वदेशी परतला. फाळणीने त्याचे गाव परक्या देशात गेले होते. लिव्हरपूल व झुरिच येथील विद्या पदरी असूनही त्याला योग्य अशी नोकरी मिळाली नाही. आणि तो पुन्हा इंग्लंडला, केंब्रिजला गेला. तेथे केनर व टॉड या रसायनज्ञांच्या सहवासात १९५० ते १९५२ या काळात प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांविषयीची त्याची आस्था दृढ झाली. १९५२ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथून बोलावणे आले. तेथील संशोधन मंडळापाशी साधनसामग्री अगदी बेताची होती, पण हवे ते संशोधन करण्याची पूर्ण मोकळीक होती. खोरानांनी मोकळीक पत्करली. तेथेच १९५९ साली त्यांनी जॉन मॉफॅट यांच्यासह, शरीरातील अनेक रासायनिक क्रियांस आवश्यक असा ‘को-एंझाइम ए’ हा पदार्थ प्रयोगशाळेत बनविला आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९६० साली ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. त्यानंतर प्रश्न उरला तो हा, की चारच घटकांच्या या लांबलचक साखळीतून वीस प्रकारच्या अॅमिनो अम्लांची प्रथिने कोणत्या क्रमाने जोडावयाची, हे पेशीला कळते कसे? चार अक्षरांची त्रिके पाडली तर एकंदर चौसष्ट शब्द होतात. या शब्दांचा अर्थ लावणे म्हणजेच जनुकीय लिपी वाचणे. ही लिपी खोरानांनी एकट्याने उलगडली असे आपल्याकडे कधी कधी सांगितले जाते, ते यथार्थ नव्हे. पहिला शब्द १९६१ साली मार्शल नीरेनबर्ग व हाइनरिख मथाई यांनी वाचला. एकाच ‘यू’ या अक्षराची पुनरुक्ती असलेल्या आरएनएपासून एकाच अॅमिनो अम्लाची साखळी बनते, हे त्यांनी दाखविले. परंतु ज्या शब्दांत निरनिराळी अक्षरे येतात, त्यांच्यातील अक्षरांचा क्रम निश्चित कसा करावा, ही अडचण राहिलीच.

ती दूर करण्यास रसायनज्ञाचा हात लागणार होता. खोरानांनी ठरावीक क्रमाच्या डीएनएच्या लहान साखळ्या एकेक घटक जोडून तयार केल्या, एंझाइमांच्या साहाय्याने त्या लांबविल्या व त्यांवरून आरएनए उतरवून घेतला. ‘यू’ आणि ‘सी’ ही अक्षरे आळीपाळीने येणारी साखळी घ्या. तीन-तीन अक्षरे वाचीत गेल्यास तीत यूसीयू आणि सीयूसी असे दोनच शब्द आळीपाळीने येणार. प्रयोगात सेरीन व ल्युसीन ही दोन अॅमिनो अम्ले अगदी आळीपाळीने जोडलेली मिळाली. लिपी तीन अक्षरांची आहे याचा हा डोळ्यांपुढचा पुरावा झाला. ‘एएजी’ या त्रिकाची पुनरुक्ती केली तेव्हा, वाचनास आरंभ कोठून होतो त्यानुसार, लायसीन, आर्जिनीन व ग्लुटामिक अम्ल यांच्या तीन स्वतंत्र साखळ्या मिळाल्या. काही क्रमांपासून मात्र लांब साखळी बनेना. कारण त्यांत वाक्य संपविणारे विरामशब्द होते. शिवाय चौसष्टही त्रिके त्यांनी स्वतंत्रपणे बनविली. १९६६ पर्यंत साऱ्या लिपीचा उलगडा झाला आणि १९६८ साली नीरेनबर्ग, रॉबर्ट हॉली व खोराना यांस वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

पारितोषिकानंतर माणूस विसावतो. खोराना विसावले नाहीत. १९७० साली ते मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत गेले. त्याच वर्षी यीस्टमधील एका जनुकाची ७७ जोड्यांची संपूर्ण साखळी बनविल्याचे त्यांच्या गटाने जाहीर केले, आणि १९७६ साली जिवंत जीवाणूच्या पेशीत प्रत्यक्ष काम करणारे कृत्रिम जनुक सिद्ध केले. दोन लहान साखळ्यांच्या आधारे डीएनएच्या प्रती काढण्याची कल्पना त्यांच्या प्रयोगशाळेतून १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळते. पुढे कॅरी मलिस यांनी १९८३ पासून जी पद्धत सिद्धीस नेली व जिच्यावर करोनाच्या साथीतील चाचणी आधारलेली होती, तिचे बीज येथे दिसते. उतारवयात त्यांनी हा विषयही बाजूस ठेवला आणि डोळ्यातील प्रकाशग्राही प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. ९ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांचे अमेरिकेत निधन झाले.

१९६९ साली भारत सरकारने त्यांस पद्मविभूषण देऊन गौरविले. तत्पूर्वी तीन वर्षे, १९६६ साली, ते अमेरिकेचे नागरिक झाले होते. हा गौरव उचितच होता. पण १९४९ साली त्यांस पदवीहून, हारतुऱ्यांहून अधिक गरज होती ती एका मेजाची, थोड्या उपकरणांची आणि दोन वेळच्या निर्वाहाची. ती त्या वेळी भागली असती तर हे संशोधन येथेच झाले असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्या कार्यास विस्कॉन्सिनसारखे विद्यापीठ व निष्णात सहकाऱ्यांचा मोठा गट लागला, हेही खरे. परंतु करून पाहण्याची संधी आपल्या देशाने गमावली, एवढे निश्चित.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. गावोगावच्या ज्ञातिसंस्था शाळा-कॉलेजांतील मुलांना शिष्यवृत्त्या देतात, गुणवंतांचे सत्कार करतात; ते कार्य गणपतराय पटवाऱ्यांच्या निर्धाराच्या जातीचे आहे व ते वाढले पाहिजे. मात्र शिक्षण संपवून आलेला, पण अद्याप नाव न झालेला मुलगा किंवा मुलगी आपल्या दारी येते, तेव्हा शिष्यवृत्तीची यादी संपलेली असते आणि सत्काराची वेळ आलेली नसते. मधली दोन-तीन वर्षे त्याला किंवा तिला कोणी विचारीत नाही. ती वर्षे निभावून नेण्याची काही तजवीज आपल्या निधीतून करता येईल काय, याचा विचार पुढील वार्षिक सभेत व्हावा.