न पळणारे प्यादे

बुद्धिबळातले प्यादे मला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे. वजीर पडो, राजाला शह बसो, हे आपले जागच्या जागी ठाम! खऱ्या शिपायाला घर असते, भूक असते आणि मुख्य म्हणजे पाय असतात.

प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने १८२४ साली अधिकाऱ्यांसाठी नकाशा, ठोकळे आणि फासे यांचा युद्धखेळ काढला. किती माणसे पडली, ते फासे सांगत. पुढे १९७७ मध्ये जॉन हिल यांनी ‘स्क्वाड लीडर’ या खेळात चक्क धीरालाच आकडा दिला. मारा बसला की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की तुकडीने कच खाल्लीच म्हणून समजा! मग नायकाने येऊन तिला सावरायचे. २००० सालच्या ‘शोगन : टोटल वॉर’ या संगणकी खेळात तर सेनापती पडला की फौजेचे अवसानच गळते.

मराठी माणसाला हे संगणकाने कशाला शिकवायला हवे? १४ जानेवारी १७६१, पानिपत. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि लोकांना दिसली ती रिकामी अंबारी. उपाशीपोटी दुपारपर्यंत झुंजलेली फौज बघता बघता मोडली. तोफा, घोडे सगळ्यांची मोजदाद होती. धीराची कुणी ठेवली नव्हती.

म्हणून महिनाअखेरीस मी खुर्चीतून हलत नाही. खिसा रिकामा असला तरी चालेल, अंबारी रिकामी दिसता कामा नये!