सुई, कात्री आणि पदवी

आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने फॅशनवर काय बोलायचे? आणि कपडे शिवायला, विकायला कॉलेज हवेच कशाला? हा दुसरा प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि तो मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे.

अॅरिस्टॉटल म्हणतो, धोटा आपोआप विणू लागला तर मालकाला गुलामांची गरज उरणार नाही. म्हणजे विणणे हे ज्याने विचार करायचा नाही त्याचे काम. त्याच्या आदर्श राज्यात कारागिराला नागरिकत्व नाही. हात खाली, डोके वर, ही उतरंड तिथली. आणि आपल्याकडच्या उतरंडीबद्दल तर सांगायलाच नको. नामदेव शिंपी होते हे आपण अभिमानाने सांगतो, पण घरातला मुलगा शिंपीकाम शिकतो म्हणाला की चेहरा पडतो.

आता न्यूयॉर्ककडे वळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या तयार कपड्यांचा धंदा मुख्यतः याच शहरात होता, आणि तो चालत होता पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेल्या ज्यू आणि इटालियन कामगारांच्या हातांवर. त्या हातांची किंमत काय होती? 25 मार्च 1911 रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होते. 146 माणसे गेली, बहुतेक तरुण मुली.

मग साहजिकच त्या पिढीला वाटू लागले, आपल्या मुलांनी हे काम करू नये. मुले वकील, डॉक्टर होऊ लागली. 1924 च्या कायद्याने युरोपातून येणारा कारागिरांचा ओघही आटला. धंद्याला काळजी पडली, की कापड बेतणारा हात आता येणार कुठून? त्यातच 1940 साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. जिथल्या नमुन्यांकडे बघून अमेरिका कपडे बेतायची, तो आरसाच झाकला गेला.

या परिस्थितीत 1944 साली शिक्षक मॉर्टिमर रिटर आणि वस्त्रव्यवसायातले मॅक्स मेयर यांच्या पुढाकाराने फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. जागा कुठली, तर शिवणकलेच्या एका सरकारी हायस्कूलचे वरचे दोन मजले. विद्यार्थी 100. 1951 साली ती राज्य विद्यापीठाच्या छत्राखाली कम्युनिटी कॉलेज म्हणून आली आणि दोन वर्षांची पदवी देऊ लागली. कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, तर घराजवळचे, कमी फीचे, नोकरी सांभाळून शिकता येईल असे कॉलेज. 1947 च्या ट्रूमन आयोगाने या कल्पनेचा जोरदार पुरस्कार केला होता.

तिथे शिकवतात काय? डिझाइनचा विद्यार्थी पुतळ्यावर कोरा मांजरपाट टाचण्यांनी बसवतो. उभे सूत कसे पडते, आडवे कसे, उरेब कापले की तेच कापड अंगावर कसे वळते, हे बोटांनी वाचायला शिकतो. मग ते सपाट कागदावर उतरवतो. गोल शरीर सपाट कागदावर आणायचे! ही भूमिती नाही तर काय? दुकानदारीचा विद्यार्थी हिशेब शिकतो. 100 ला घेतलेला सदरा 200 ला विकला, तर घाऊक खरेदीवर नफा शंभर टक्के, पण विक्रीवर पन्नासच. हंगाम संपल्यावर उरलेला माल उतरत्या भावाने काढला, की हे पन्नासही राहत नाहीत. म्हणून आधीच ठरवायचे, किती घ्यायचे, कोणत्या मापाचे, कधी. इथे अंदाज चुकला की दुकान बुडते.

आता मुख्य मुद्दा. जॉन ड्युई याच न्यूयॉर्कात, कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. 1913 पासून बाबासाहेब आंबेडकर तिथे होते, आणि ड्युईंचे विद्यार्थी होते. 1916 च्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये ड्युई बजावतात, की कामाचे शिक्षण वेगळे आणि मनाचे वेगळे केले, तर समाजातली जुनी फाळणीच शाळेत कायम होईल. धंद्याला हात पुरवणे एवढेच शिक्षणाचे काम नव्हे. ज्याचे हात आहेत त्याला त्या धंद्याचा अर्थ कळला पाहिजे.

ही संस्था या कसोटीला उतरली का? अर्धी. ती धंद्याच्या गरजेतून जन्मली, हे विसरता येत नाही. चार वर्षांची पदवी देण्यासाठी तिला 1975 साली कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत थांबावे लागले. आणि दरम्यान शिलाईचे काम शहरातून परदेशी निघून गेले होते. ते आपल्याकडेही आले. 1986 साली दिल्लीत निफ्ट उभी राहिली, ती याच संस्थेच्या सहकार्याने. पण निफ्टमध्ये बेतणारा आणि कारखान्यात शिवणारी, यांच्यामधला जिना आपण बांधला का?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. खरे सांगायचे, तर शिवणवर्गाला 'शिक्षण' म्हणायला आमचीही जीभ अडखळत असे. अॅरिस्टॉटल आम्ही वर्गात खोडून काढत होतो, आणि मनात जपत होतो. आज घरी गेल्यावर अंगातला सदरा उलटा करून त्याची शिवण बघा. ती ज्या हाताने घातली, त्या हाताला शिकायची संधी मिळाली होती का, एवढे स्वतःला विचारा.