निमंत्रण कोणाचे? गोंधळापासून कलापथकापर्यंत

कलावंताच्या सामाजिक बांधिलकीची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे. ती बहुधा आशयाभोवती फिरते. कवीने कोणाची बाजू घेतली, कोणते दुःख मांडले, हे पाहून बांधिलकीचा निवाडा होतो. आम्हांस येथे एक वेगळा, काहीसा व्यावहारिक प्रश्न विचारावासा वाटतो. कलावंताला बोलावले कोणी, आणि गाऊन झाल्यावर तो कोणाला उत्तरदायी होता?

या प्रश्नासाठी सोलापूर-तुळजापूर रस्ता सोयीचा आहे. या रस्त्यावर, तुळजापूर तालुक्यात, तामलवाडी हे गाव लागते. कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडून पायी निघालेले भाविक याच वाटेने जातात. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत सोलापूर मुंबई प्रांतात, तर तुळजापूर निजामाच्या संस्थानात होते. सीमा राज्यांची होती. देवीच्या गोंधळाला ती कधीच अडली नाही. आणि रस्त्याच्या एका टोकाला भवानीचे ठाणे, तर दुसऱ्या टोकाला सोलापूर-बार्शीच्या कापडगिरण्यांचा मुलूख. लोककलेची दोन भिन्न रूपे या दोन टोकांशी निगडित आहेत.

गोंधळ हा कुळाचार आहे. लग्नकार्यानंतर यजमान गोंधळ्यांना बोलावतो. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने, दिवटीच्या उजेडात गोंधळी ठिकठिकाणच्या दैवतांना नावे घेऊन गोंधळाला येण्याचे आवाहन करतो. स्वतः निमंत्रित असलेला कलावंत देवांचा निमंत्रक होतो. पूर्वरंगानंतरच्या आख्यानात पुराणकथा येत, वीरांचे पराक्रमही येत. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा हे वाङ्मय गोंधळ्यांच्या मुखी जिवंत होते. समाजाची स्मृती जपण्याचे हे नागरिक कार्यच म्हणावे लागेल. मात्र त्याची मर्यादाही निमंत्रणातच होती. गाणारा जातीने ठरलेला, बोलावणारा यजमान. त्या यजमानाला जाब विचारण्याची सोय या रचनेत नव्हती.

ती सोय सत्यशोधक जलशांनी केली. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा विचार पुढील काळात जलसेकऱ्यांनी तमाशाच्याच घाटात खेडोपाडी नेला. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. बोलावणारा आता समाज होता आणि जाब विचारला जाई तो रूढीला.

गिरण्यांच्या मुलखात याच धाग्यातून कलापथक उभे राहिले. शाहीर अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत झाला. मोटारीवरील क्लीनर, मग गिरणी कामगार, संपातील पुढाकारामुळे तुरुंग, असा त्यांचा प्रवास शाहिरीपर्यंत आला. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी आणि श्रमिक आले, गवळण गळाली. हा बदल केवळ रूपबंधाचा नव्हता. ज्यांनी बोलावले त्यांनाच वंदन, असा त्याचा अर्थ होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली. तरी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हेच शाहीर डफ घेऊन उभे राहिले आणि १ मे १९६० चे राज्य त्यांच्याही आवाजावर घडले.

येथे भाबडेपणा नको. कामगारांच्या निमंत्रणामागे पक्षही होता. अण्णा भाऊंनी १९४३ मध्ये स्तालिनग्राडवर पोवाडा रचला, तेव्हा गिरणगावाला दूरच्या युद्धाशी नाते सांगण्याची व्यापक दृष्टी त्यात होती, तशी पक्षाची त्या वेळची भूमिकाही होती. तथापि श्रोता समोर बसलेला होता, शाहिराच्याच चाळीत राहणारा होता. न पटणारे गाणे तो दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात बोलून दाखवू शकत होता. उत्तरदायित्व म्हणतात ते याहून निराळे काय असते?

पुढे ‘कलापथक’ हा शब्द सरकारनेही उचलला. केंद्र सरकारने १९५४ मध्ये गीत व नाटक विभाग स्थापन केला. लोककला शासकीय योजनांच्या प्रचाराचे साधन झाली. कुटुंबनियोजन, साक्षरता, ग्रामस्वच्छता हे विषय क्षुल्लक नाहीत आणि कलावंतांच्या पोटाचा प्रश्नही खराच आहे. परंतु कार्यक्रम आदेशाने ठरतो, मानधन कार्यालयातून येते आणि गाव निव्वळ श्रोता उरतो. योजना गावात पोचली नाही, हे त्याच पथकाला त्याच पारावर गाता येईल काय? बांधिलकीची कसोटी आम्ही येथे लावू.

वर्गात आम्ही पोवाडा शिकवतो तो छापील संहिता म्हणून. चाल जाते, सभा जाते, बोलावणारा तर कधीच नोंदला जात नाही. धाराशिव-सोलापूर परिसरातील विद्यार्थ्यांनी लोककलेचे संकलन करताना प्रत्येक गाण्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात, असे आम्ही सुचवतो: कोणी बोलावले, कोठे गायले, बिदागी कोणी दिली आणि गाणे आवडले नाही तर सांगणार कोण होते. तामलवाडीसारख्या गावी मांडव अजून पडतो, संबळही वाजतो. ही चार उत्तरे देणारी माणसे आहेत तोवर ती लिहून घेणे हे आपले काम आहे.