मूक काट्याचा अर्थ : जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकमधील विद्युत्-मापकांचे स्थित्यंतर

अमेरिकेतील मोटारींच्या इतिहासावर जे विपुल लेखन झाले आहे, त्यात एंजिन आणि बाह्यांग यांचाच विचार प्रामुख्याने आढळतो. चालकासमोरील मापकांच्या तबकड्यांकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः यंत्र आणि मनुष्य यांच्यातील व्यवहार ज्या ठिकाणी घडतो, ते ठिकाण म्हणजे या तबकड्याच होत. १९४८ ते १९५५ या काळातील फोर्ड आणि शेव्हरले पिकअप ट्रक आज हौशी लोक मोठ्या कष्टाने दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणतात. त्या वेळी जुने वायरिंग काढून नवे घालावे लागते आणि मापकेही नव्या पद्धतीशी जुळवून घ्यावी लागतात. हे काम निव्वळ कारागिरीचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या कामात तबकडीवरील अक्षरे तीच राहून काट्याचा अर्थ मात्र पालटतो, ही गोष्ट जितकी ध्यानात घ्यावयास हवी तितकी घेतली जात नाही.

प्रारंभीच्या मोटारींत मापक असे फारसे नव्हतेच. फोर्डच्या मॉडेल टी गाडीतील पेट्रोल पाहावयाचे, तर आसन उचलून टाकीत काठी बुडवावी लागे. पाण्याची उष्णता दाखविणारा बॉइस तापमापक रेडिएटरच्या टोपणावर बसविलेला असे आणि चालक तो आपल्या जागेवरून काचेतून पाही. १९२८ ते १९३१ या काळातील मॉडेल ए गाडीत टाकी डॅशबोर्डच्या लगतच असल्यामुळे टाकीतील तरंड्याची हालचाल सरळ चालकासमोर दिसत असे. येथपर्यंत चिन्ह आणि वस्तू यांच्यामध्ये तार आलेली नव्हती. टाकी मागे गेली आणि मग टाकीची वार्ता तारेने आणणे क्रमप्राप्त झाले.

फोर्डने या कामासाठी जी मापके वापरली, ती मिशिगनमधील ॲन आर्बर येथील किंग-सीली कंपनीची होती. त्यांची रचना मोठी चतुर आहे. टाकीत किंवा एंजिनवर बसविलेल्या प्रेषकात दोन धातूंची एक पट्टी असते. तिच्याभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेतून प्रवाह जाऊ लागला की पट्टी तापून वाकते आणि संपर्क तुटतो. ती निवली की संपर्क पुन्हा जुळतो. अशा रीतीने प्रवाह नाडीसारखा ठोके देत राहतो. तबकडीमागेही तशीच एक पट्टी असते. ठोक्यांतून मिळणाऱ्या सरासरी उष्णतेने ती वाकते आणि काटा सरकतो. बॅटरीचा दाब थोडा कमी-अधिक झाला तरी संपर्क तुटण्यास लागणारी उष्णता तीच असल्यामुळे मापन फारसे बिघडत नाही.

आता या रचनेचा एक परिणाम पाहू. पाणी थंड असताना प्रेषकातील पट्टी तापविण्यास अधिक प्रवाह लागतो. पाणी तापलेले असेल तर थोडा पुरतो. म्हणजे अधिक प्रवाह हे थंडपणाचे चिन्ह आणि प्रवाहाचा अभाव हे उष्णतेचे. त्यामुळे किल्ली बंद असता या ट्रकमधील तापमापकाचा काटा ‘उष्ण’ या टोकावर विसावलेला असतो आणि किल्ली फिरविल्यावर तो ‘थंड’ टोकाकडे येतो. नवख्या मालकाला हा बिघाड वाटतो. पण तो बिघाड नव्हे. फोर्डच्या व्ही-८ एंजिनात दोन्ही बाजूंच्या हेडवर एकेक घटक बसविलेला असे. त्यांतील एकाचे काम एवढेच, की उष्णता मर्यादेबाहेर गेली की मंडल तोडून टाकावे. मंडल तुटले की काटा आपोआप ‘उष्ण’कडे धावे. पेट्रोलचा काटा निष्प्रवाह स्थितीत ‘रिकामी’वर आणि तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर विसावे. तिन्ही काट्यांचे मौन एकच गोष्ट सांगे : गाडी थांबवा आणि पाहा. पाणिनीने लोपाला व्याकरणात स्थान दिले आणि आधुनिक भाषाशास्त्राने शून्यरूपाची कल्पना स्वीकारली. अभावही अर्थवाहक असू शकतो याचे याहून सुबोध उदाहरण यंत्रसृष्टीत शोधावे लागेल.

शेव्हरलेची पद्धती निराळी होती. १९४७ पासूनच्या तिच्या ट्रकमध्ये तापमापक विजेवर चालतच नसे. एंजिनपासून तबकडीपर्यंत गेलेल्या बारीक नळीतील द्रवाच्या वाफेचा दाब काटा फिरवी, आणि तेलाचा दाबही नळीनेच तबकडीपर्यंत येई. विजेवर चालणारे इंधनमापक दोन वेटोळ्यांच्या चुंबकीय ओढाताणीवर आधारलेले होते. ही ओढाताण तौलनिक असल्यामुळे बॅटरीच्या दाबाचा प्रभाव तिच्यावर अल्प असे. परंतु टाकीकडील तार तुटली तर हा काटा ‘भरलेली’ याही पलीकडे जातो. एकाच काळातील दोन ट्रक, एकच बिघाड. फोर्डचा चालक पंपाकडे वळतो आणि शेव्हरलेचा चालक निर्धास्तपणे आडरानात जाऊन थांबतो.

१९५० नंतरच्या दशकात उच्च संपीडनाची व्ही-८ एंजिने आली आणि ती फिरवून सुरू करण्यास ६ व्होल्टची बॅटरी अपुरी पडू लागली. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो आणि तारही बारीक चालते. शेव्हरलेने १९५५ मध्ये, तर फोर्डने १९५६ च्या नमुन्यापासून १२ व्होल्टची पद्धती स्वीकारली. फोर्डने त्याचबरोबर बॅटरीचे धन टोक चासीला जोडण्याची जुनी रीत सोडून ऋण टोक जोडण्यास आरंभ केला. पुढे ठोके देणारे प्रेषक जाऊन रोध बदलणारे प्रेषक आले आणि सर्व मापकांना सरासरी सुमारे ५ व्होल्ट पुरविणारा एक सामाईक नियामक तबकड्यांमागे बसला. पाणी तापले की नव्या प्रेषकाचा रोध घटतो आणि प्रवाह वाढतो. म्हणजे आता प्रवाहाचा अभाव हे थंडपणाचे चिन्ह झाले. तुटलेली तार पूर्वी ‘धोका’ म्हणे, ती आता ‘सर्व ठीक’ म्हणू लागली. तबकडीवर मात्र एकही अक्षर बदलले नाही.

आज १९५१ सालचा फोर्ड ट्रक १२ व्होल्टवर आणणारा मनुष्य हेच स्थित्यंतर काही दिवसांत पुन्हा घडवितो. सुती वेष्टणाखालील रबर वाळून तडकलेले असते, त्यामुळे जुने वायरिंग ठेवण्याचा आग्रह धरणे वेडेपणाचे होय. ते आग लावील. जुनी मापके ठेवावयाची असल्यास त्यांच्यापुरता दाब उतरविणारा घटक बसवावा लागतो. नवे प्रेषक घ्यावयाचे, तर त्यांची जात पाहावी लागते. फोर्डच्या रोधपद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला १० ओहम. शेव्हरलेच्या नंतरच्या पद्धतीत रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ९०. एकाचा प्रेषक दुसऱ्याच्या तबकडीला जोडला की भरलेली टाकी रिकामी भासते. शिवाय चासी हीच परतीची तार असल्यामुळे, नव्या रंगाच्या जाड थराने संपर्क तुटून सुंदर झालेल्या ट्रकची मापके मुकी होतात. तेथे रंग खरवडणे हाच उपाय.

प्रवाहमापकाची कथा आणखी वेगळी आहे. फोर्डच्या मापकात तार केवळ पाठीमागच्या कडीतून ओवलेली असे. धन-ऋण उलटविल्यावर ती विरुद्ध दिशेने ओवली नाही, तर बॅटरी भरत असता काटा ती रिती होत असल्याचे सांगतो. शेव्हरलेच्या मापकातून भरणाचा प्रवाह प्रत्यक्ष वाहतो. जुन्या डायनॅमोच्या प्रवाहासाठी आखलेल्या त्या मापकातून आजच्या अल्टरनेटरचे ६० किंवा अधिक ॲम्पिअर जाऊ देणे धोक्याचे आहे. म्हणून त्या जागी व्होल्टमापक बसविण्यात येतो. तो प्रवाहाची दिशा सांगत नाही, दाब सांगतो. पहिले विधान व्यवहाराचे, दुसरे स्थितीचे. हा बदल समर्थनीय आहे, कारण तबकडीवरील नावही बदलते आणि वाचकाची फसवणूक होत नाही.

आक्षेप आहे तो जुन्या तबकडीमागे मुकाट्याने नवे यंत्र बसविण्याच्या प्रथेला. अशी मापके दिसावयास हुबेहूब असतात आणि अचूकही असतात. पण पोथीचा जो संपादक अक्षरवळण जुने ठेवून पाठ बदलतो आणि टीप देत नाही, त्याच्यावर अभ्यासक विश्वास ठेवीत नाहीत. येथे तर पुढच्या मालकाच्या एंजिनाचाही प्रश्न आहे : किल्ली बंद असता ‘उष्ण’वर विसावणारा काटा ज्याने जन्मभर पाहिला, तो ‘थंड’वर स्थिर असलेला काटा पाहून तार तुटल्याची शंका घेणार नाही. डॅशबोर्डच्या आतील बाजूस तारांचा नवा आराखडा, प्रेषकांचे ओहम आणि बदलाचे वर्ष लिहिलेला एक कागद चिकटविण्यास अर्धा तासही लागत नाही. फार थोडे लोक तो चिकटवितात.