एका येनचा दावा : नावातली चिन्हे कोणाची, उच्चार कोणाचा?

१/ १९७५ साली जपानच्या क्यूशू बेटावर, कोकुरा येथील न्यायालयात एक विलक्षण दावा दाखल झाला. वादी होते छ्वे छांग-ह्वा, जपानमध्ये स्थायिक झालेले एक कोरियन धर्मोपदेशक. प्रतिवादी होती एन.एच.के. ही जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था. मागितलेली भरपाई फक्त एक येन, म्हणजे जपानी चलनातले सर्वांत लहान नाणे. तक्रार अशी की, बातमीपत्रात त्यांचे नाव ‘साइ शोका’ असे उच्चारले गेले.

२/ वृत्तनिवेदकाने नाव चुकीचे वाचले नव्हते, हीच या दाव्यातली खरी मेख. छ्वे यांचे नाव तीन चिनी चिन्हांत लिहिले जाई आणि जपानी पद्धतीने त्या तीन चिन्हांचा उच्चार ‘साइ शोका’ असाच होतो. चिन्हे तीच, अर्थ तोच, तरीही नाव भलत्याच माणसाचे वाटावे असे. हे कसे घडते, हे समजण्यासाठी आधी त्या लिपीचा स्वभाव पाहावा लागतो.

३/ देवनागरी उच्चार टिपते. चिनी चिन्हलिपी मुख्यतः अर्थ टिपते. आपल्याकडे याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे अंक. ‘५’ हे चिन्ह पाहून मराठी माणूस ‘पाच’ म्हणतो; तीच संख्या कन्नड माणूस ‘ऐदु’ आणि तमिळ माणूस ‘ऐंदु’ अशी वाचतो. संख्या एकच, ध्वनी वेगळे. आता कल्पना करावी की माणसांची नावेही अशाच चिन्हांत लिहिली जातात.

४/ ही चिन्हे बौद्ध ग्रंथ, कन्फ्यूशियसचे तत्त्वज्ञान आणि राज्यकारभाराची कागदपत्रे यांच्यासोबत चीनमधून कोरियात व जपानमध्ये पोहोचली. प्रत्येक देशाने मूळ चिनी ध्वनी आपल्या जिभेला सोसेल तसा वळवून घेतला. ‘सोने’ या अर्थाचे चिन्ह आजच्या चिनी भाषेत ‘जिन’, कोरियन आडनावात ‘किम’ आणि जपानीत ‘किन’ असे वाचले जाते. जपान्यांनी त्याच चिन्हाला आपला देशी शब्दही जोडला : ‘काने’. म्हणजे जपानमध्ये एकाच चिन्हाला उसना आणि घरचा असे दोन उच्चार मिळाले.

५/ अशा लिपीत लिहिलेल्या नावाचे दोन भाग होतात. अर्थ कागदावर राहतो, ध्वनी घरच्यांच्या तोंडी राहतो. छ्वे छांग-ह्वा या नावातली चिन्हे क्रमाने उत्तुंग पर्वत, भरभराट आणि फुलोरा किंवा वैभव असे अर्थ सांगतात. हे अर्थ ‘साइ शोका’ म्हटल्यानेही पुसले जात नाहीत. पण आई ज्या आवाजाने लेकराला हाक मारते, तो मात्र पुसला जातो.

६/ या पुसण्याचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य १९३६ चे. ९ ऑगस्ट रोजी बर्लिन ऑलिंपिकची मॅरेथॉन २ तास २९ मिनिटे १९.२ सेकंदांत जिंकली ती सोन गी-जॉंग या कोरियन तरुणाने. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता; म्हणून तो जपानच्या चिन्हाखाली धावला आणि निकालात त्याचे नाव लागले ‘कितेइ सोन’. नातू, पाया, शुभ या अर्थांची तीच तीन चिन्हे, फक्त जपानी उच्चाराने वाचलेली. योगायोग असा की, ‘सोन’ हे आडनाव दोन्ही भाषांत सारखेच वाचले जाते; हरवले ते त्याचे स्वतःचे नाव.

७/ तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियन. त्याच्या नावात दक्षिण दिशा आहे आणि वर झेपावणारा ड्रॅगन आहे. जगाला मात्र तो ‘नान शोर्यू’ म्हणून सांगितला गेला. विजयमंचावर दोघेही मान खाली घालून उभे राहिले. सोनने विजेत्याला मिळालेले ओकचे रोपटे छातीशी धरून अंगावरचा जपानी ध्वज झाकला. बर्लिनमध्ये स्वाक्षरी मागणाऱ्यांना तो आपले नाव कोरियन लिपीत लिहून देत असे. हांगुल ही ती लिपी चिन्हाचा अर्थ सांगत नाही; देवनागरीप्रमाणे उच्चार सांगते.

८/ सोलच्या ‘दोंगा इल्बो’ या वृत्तपत्राने २५ ऑगस्ट रोजी सोनचे छायाचित्र छापले ते छातीवरचा ध्वज पुसून. पत्रकारांना अटक झाली आणि वृत्तपत्रावर बंदी आली. ध्वज रंगाने पुसता आला. परदेशी निकालपत्रात रुजलेला उच्चार पुसण्याचे साधन मात्र कोणाच्याच हाती नव्हते.

९/ चार वर्षांनी वसाहती सरकार उच्चारावरून चिन्हांवर आले. ११ फेब्रुवारी १९४० पासून कोरियन कुटुंबांना जपानी धर्तीचे घराण्याचे नाव नोंदवण्यासाठी सहा महिन्यांची मुदत देण्यात आली. कागदोपत्री हे ऐच्छिक होते, प्रत्यक्षात दडपण मोठे होते. सुमारे ८० टक्के कुटुंबांनी नवे नाव नोंदवले. ज्यांनी नोंदवले नाही, त्यांचे जुने कुलनामच जपानी पद्धतीचे कुटुंबनाम म्हणून दप्तरात चढवले गेले.

१०/ या सक्तीतही लोकांनी आपले मूळ चिन्हांत लपवून ठेवले. किम घराण्यातल्या कित्येकांनी ‘सोने’ हे चिन्ह सोडले नाही. त्याला ‘शेत’ हे चिन्ह जोडून ‘कानेदा’ असे निर्दोष जपानी दिसणारे आडनाव घेतले. अधिकाऱ्याला त्यात जपानी नाव दिसे, घरच्यांना पूर्वजांचे सोने. ध्वनी हिरावला गेला तेव्हा अर्थाने आसरा दिला.

११/ कवी युन दोंग-जू याच्या वाट्याला दोन्ही प्रकार आले. जपानमध्ये शिकायला जाण्यासाठी त्याने २९ जानेवारी १९४२ रोजी सोलच्या महाविद्यालयात नवे नाव नोंदवले : ‘हिरानुमा तोचू’. ‘हिरानुमा’ म्हणजे सपाट पाणथळ, हे आडनाव सर्वस्वी परके. पण ‘तोचू’ लिहिताना वापरलेली चिन्हे त्याची स्वतःचीच होती : पूर्व आणि स्तंभ, म्हणजे ‘दोंग-जू’. नोंदणीच्या पाच दिवस आधी त्याने पश्चात्ताप हाच विषय असलेली एक कविता लिहिली. पुढे जपानमध्ये त्याला अटक झाली आणि १६ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, फुकुओकाच्या तुरुंगात तो मरण पावला.

१२/ युद्ध संपले, कोरिया मुक्त झाला, दक्षिणेत १९४६ साली जुनी नावे कायद्याने परत मिळाली. परंतु सुमारे सहा लाख कोरियन जपानमध्येच राहिले. नोकरी, भाड्याचे घर, शाळा अशा प्रत्येक दारात कोरियन नाव अडचणीचे ठरे. म्हणून पुष्कळांनी व्यवहारासाठी जपानी नाव चालू ठेवले. जे आपले नाव धैर्याने वापरत, त्यांचीही चिन्हे जपानी उच्चारानेच वाचली जात. छ्वे छांग-ह्वा हे त्यांपैकी एक.

१३/ छ्वे यांनी आपले नाव कोरियन उच्चाराने घ्यावे असे आधीच सांगून ठेवले होते. तरीही बातमीत ‘साइ शोका’ आले. एन.एच.के.ची बाजू प्रचलित रूढीची होती : चिन्हांत लिहिलेली परकी नावे जपानी उच्चाराने वाचण्याचीच पद्धत आहे. यात तथ्य होते. जपानी लोक माओ त्से-तुंग यांना आजही ‘मो ताकुतो’ म्हणतात. चिनी लोक तोक्योला ‘दोंगजिंग’ म्हणतात आणि जपानी पंतप्रधानांचे नावही चिनी उच्चारानेच घेतात. कोणी त्यात अपमान मानत नाही.

१४/ मग छ्वे यांनीच तो का मानावा? उत्तर इतिहासात आहे. चीन आणि जपान एकमेकांची नावे आपापल्या जिभेने घेतात. हा बरोबरीचा व्यवहार आहे. कोरियन माणसाच्या बाबतीत मात्र हाच उच्चार शाळेत, कचेरीत, पोलीस चौकीत आणि ऑलिंपिकच्या निकालपत्रात ३५ वर्षे लादला गेला होता. एकाच रूढीचा अर्थ शेजाऱ्याच्या घरी वेगळा असतो आणि एके काळच्या मालकाच्या तोंडी वेगळा.

१५/ खटला रेंगाळत असतानाच रूढी बदलली. १९८४ साली दक्षिण कोरियाचे अध्यक्ष छोन दू-ह्वान यांचा जपान दौरा ठरला. तोवर जपानी बातम्यांत ते ‘झेन तोकान’ होते. त्या वर्षी जपानच्या परराष्ट्र खात्याने कोरियन नावे कोरियन उच्चाराने घेण्याचे ठरवले आणि प्रसारमाध्यमे त्याच वाटेने गेली. एका नागरिकाला जे न्यायालयात मिळत नव्हते, ते राष्ट्राध्यक्षाच्या विमानासोबत आले.

१६/ १६ फेब्रुवारी १९८८ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. युन दोंग-जूच्या मृत्यूला त्या दिवशी ४३ वर्षे पूर्ण होत होती. छ्वे हरले. १९७५ सालची रूढी पाहता प्रसारणसंस्थेचे वर्तन बेकायदा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच निकालात हेही नोंदवले गेले की, नाव हे व्यक्तिमत्त्वाचे प्रतीक आहे आणि ते अचूक उच्चारले जावे यात माणसाचे कायद्याने संरक्षण मिळू शकणारे हित आहे. येन मिळाला नाही, तत्त्व मिळाले.

१७/ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोल ऑलिंपिकच्या उद्घाटनाला वृद्ध सोन गी-जॉंग मशाल घेऊन मैदानात आले आणि आनंदाने उड्या मारत धावले. या वेळी त्यांच्या छातीवर झाकण्यासारखे काही नव्हते. ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदीत मात्र १९३६ च्या मॅरेथॉनचा विजेता आजही आहे : ‘कितेइ सोन, जपान’.

(समाप्त)