अवतरणचिन्ह आणि मुलांचा स्वर

मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती आणि शब्दही सहसा सलग लिहिले जात. पंतोजींच्या शाळेत, म्हणजे गावातील खासगी पाठशाळेत, शिक्षणाचा भरही एका सुरातील घोकण्यावर असे. मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून इंग्रजीतील चिन्हे मराठीत रुजवली, आणि अवतरणचिन्ह, म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे दाखवणारी खूण, छापील धड्यात आल्यावर कोण बोलते, कुठे थांबावे, स्वर कुठे चढवावा हे मुलाला डोळ्यांनी दिसू लागले. या चिन्हांना केवळ परकी उसनवारी म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण आख्यानात पात्रागणिक आवाज पालटणाऱ्या कीर्तनकाराने हीच कला मराठी कानांना फार पूर्वीच शिकवली होती.