अल्प भांडवलातील यंत्र : भिवंडीचा माग आणि खेळाचा संगणक

अल्प भांडवलाच्या माणसाच्या हाती समर्थ यंत्र कसे येते? नव्या यंत्राची किंमत उतरली की ते येते, असे सामान्यतः मानले जाते. भिवंडीचा इतिहास याहून निराळे उत्तर देतो, आणि ते उत्तर आजच्या एका अगदी वेगळ्या यंत्रासही लागू पडते. मोजक्या पैशांत खेळायोग्य संगणक उभारू पाहणाऱ्या तरुणाची अडचण हीच आहे.

धामणकर नाक्यावरून पद्मानगरकडे जाताना मागांचा जो खडखडाट कानी पडतो, त्याची पूर्वपीठिका ध्यानात घेण्यासारखी आहे. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावी हातमाग रुजविला. विसाव्या शतकात त्याची जागा यंत्रमागाने घेतली. हे माग पुष्कळ अंशी मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. १९५६ साली केंद्र सरकारने गिरण्यांच्या मागसंख्येच्या वाढीवर निर्बंध घातले आणि विकेंद्रित विणकामास वाव मिळाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपकाळात गिरण्यांचे कापड भिवंडीत विणले जाऊ लागले, आणि गिरण्या बंद पडत गेल्या तसतसे त्यांचे मागही भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे पोहोचले. माग स्वस्त झाला तो निकामी झाला म्हणून नव्हे. मोठ्या धन्याची त्याविषयीची गरज संपली म्हणून.

आता संगणकाकडे वळू. १९८१ साली आयबीएमने वैयक्तिक संगणक विक्रीस काढला, तो मुख्यतः इतर उत्पादकांच्या तयार भागांतून जुळविलेला होता. त्यामुळे सुटे भाग घेऊन यंत्र उभारण्याची वाट खुली झाली. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सुकर केली. १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान करारानंतर संगणक व त्याच्या अनेक भागांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उठले. परंतु खेळाच्या संगणकातील सर्वांत खर्चाचा भाग, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, केवळ शुल्क उठल्याने स्वस्त झाला नाही. २०२१ च्या सुमारास आभासी चलनाच्या खाणकामासाठी ही कार्डे घाऊक उचलली गेली व भाव भडकले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडून दिली; तेव्हा हीच कार्डे जुन्या बाजारात ओघाने आली. गिरणीच्या मागाचीच ही पुनरावृत्ती होय. उलट २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी वाढविताच रॅमचे भाव चढले. लहान ग्राहकाचा बाजारभाव मोठ्या ग्राहकाच्या सोयीने ठरतो, हा निष्कर्ष दोन्ही ठिकाणी सारखाच निघतो.

तथापि स्वस्ताईचा हिशेब येथे पुरा होत नाही. भिवंडीत जुना माग चालता ठेवला तो जॉबरच्या ज्ञानाने. मालकाच्या खऱ्या भांडवलात पैशाइतकाच त्या ज्ञानाचाही वाटा होता. संगणकाच्या बाबतीत हे ज्ञान ग्राहकाने स्वतःच मिळवावे लागते. जुने कार्ड घेताना ते अर्धा तास तरी पूर्ण भाराखाली चालवून तापमान, पंख्याचा आवाज व पडद्यावरील चित्र तपासावे. प्रोसेसर व रॅम सहसा झिजत नाहीत, म्हणून ते जुने घेण्यास हरकत नाही. परंतु वीजपुरवठ्याचा संच नवाच घ्यावा, कारण तो बिघडला तर इतर भागांनाही घेऊन बुडतो. खर्चाचा मोठा हिस्सा कार्डाकडे वळवावा, आणि मदरबोर्ड पुढील वाढीस जागा ठेवणारा असावा. २०१७ साली प्रचारात आलेल्या एएम४ सॉकेटच्या अनेक मदरबोर्डांवर, अंतर्गत प्रणाली अद्ययावत केल्यास, २०२२ चा रायझेन ५ ५६०० हा प्रोसेसरही बसतो. एकेक माग वाढवीत कारखाना थोरावला, तीच ही रीत.

मात्र हे साम्य एका मर्यादेपलीकडे ताणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. जुन्या मागाची उणीव कामगाराच्या बारा तासांच्या पाळीने भरून निघाली. मालकाने वाचविलेली किंमत दुसऱ्याच्या शरीराने फेडली. शिवाय स्वस्त मागावर निभावत असल्याने नव्या, धोटाविरहित मागांकडे वळणे लांबत गेले. जुन्या कार्डाचा धोका मात्र घेणाऱ्याच्याच माथी राहतो. म्हणून कोणतेही यंत्र स्वस्त मिळाले असे ऐकताच अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत : ते कोणी सोडले म्हणून आले, आणि उरलेली किंमत कोण भरीत आहे? धामणकर नाक्यावरच्या मागाला हे प्रश्न फार उशिरा विचारले गेले. घरच्या टेबलावरच्या संगणकाबाबत ते खरेदीपूर्वीच विचारणे शक्य आहे.